ड्रॉइंगचा पिरियड म्हणजे रिकामाच ना?

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या कपाटात रंग सुकतात, ब्रशचे केस झडतात, कागद उंदीर नेतात. भर पडते ती फक्त किश्शांची! मी चित्रकला शिकवते, मेश्राम सर संगीत. पूर्व नागपुरातली, लकडगंजच्या अलीकडची मराठी शाळा. आम्हा दोघांना मिळून एकच खोली, तीही निम्मी पोषण आहाराच्या तांदळानं भरलेली. मधल्या सुट्टीत डबे उघडले की दोघांपैकी एकजण म्हणतोच, "आज काय झालं, ऐका!"

*

स्थिरचित्र काढायला आमच्याकडे ना घडा, ना फुलदाणी. पोती मात्र भरपूर. त्यामुळे पाचवीची मुलं वर्षभर पोतीच काढत होती.

एकदा तपासणीला साहेब आले. वह्या चाळून खूश झाले. "वा! सातपुडा काय सुंदर काढलाय पोरांनी!"

मेश्राम सर मागून हळूच म्हणाले, "साहेब, उद्या खिचडी हाये. त्यातले दोन डोंगर कमी होतील!"

*

गणिताचे झाडे सर. माणूस देव! पण परीक्षा जवळ आली की माझ्या दारात हजर.

"मॅडम, तुमचा पिरियड रिकामाच आहे ना? मले द्या."

"रिकामा कसा सर? पोरं चित्रं काढून राहिली ना!"

"तेच म्हणतो. काही करून नाही राहिली ना!"

एकदा मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, आठवीची ड्रॉइंगची परीक्षा आली. आज तुमचा पिरियड मले द्या."

सरांच्या हातातला खडू पडला. "मॅडम, तब्येत बरी आहे ना तुमची?"

वर्गानं मात्र तोवर गणिताच्या वह्या मिटून पेन्सिलींना टोक काढायला घेतलं होतं!

*

मेश्राम सरांची पेटी जुनी. पोरांच्या पट्टीतला पंचमच मुका. दाबला की नुसती हवा, फुस्स! दुरुस्तीचा अर्ज दिला की हेडमास्तर म्हणायचे, "बाकीचे सूर वाजतात ना? मग त्यातच भागवा."

सरांनी भागवलं! ज्यात 'प' लागतच नाही असे राग शोधले आणि तीन वर्षं प्रार्थनेपासून स्वागतगीतापर्यंत सगळं त्यातच बसवलं.

शेवटी शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीनं नवी पेटी दिली. सरांनी डोळे मिटून अख्खी सरगम वाजवली. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात पहिल्या रांगेतली पोरगी उठली.

"सर, ही पेटी बिघडली हाये. मधात एक जास्तीचा वाजून राहिला!"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग बराच वेळ भात्याशीच काहीतरी करत बसले, मान वर न करता.

*

सहावीच्या चित्रांचं प्रदर्शन व्हरांड्यात लावलं होतं. विषय, फळं. एका पोरीचे वडील कळमना मार्केटात संत्री हाताळून चांगली-वाईट वेगळी करतात. ते कामावरून तसेच आले आणि एकेका चित्रापुढे थांबून पुटपुटू लागले. "हे चालते... हे चालते... हे आंबट..."

स्वतःच्या पोरीच्या चित्रापुढे थांबले. "हे पोकळ हाये."

मला लागलं जरा. "दादा, चित्र आहे ते."

"चित्रच म्हणून राहिलो मॅडम. साल सुटली हाये याची आतून. वजनच नाही दिसत. खाली सावली कुठं हाये?"

सावली खरंच नव्हती! तीच गोष्ट मी वर्षभर घसा फोडून सांगत होते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांनाच वर्गावर बोलावलं. पिशवीभर संत्री घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं. "पहिले डोळे मिटा. जड लागते का नाही? तेच काढा आता." त्या दिवशीइतकी चांगली चित्रं माझ्या हाताखाली कधी झाली नव्हती.

जाताना त्यांनी फळ्यावरचं माझं संत्रं पाहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून हळू आवाजात म्हणाले, "ज्यूसवाल्यांले चालून जाईल!"

*

आता हा किस्सा मागच्या हिवाळ्यातला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष साठीचे, लाकडाचे व्यापारी. पुढच्या सत्रापासून चित्रकला आणि संगीत बंद, त्या तासांना स्कॉलरशिपची तयारी, असं पत्र घेऊन ते येणार अशी कुणकुण होती. मेश्राम सरांनी त्या दिवशी डबाही उघडला नाही.

अध्यक्षसाहेब आले तेव्हा हेडमास्तर बाहेर गेलेले. म्हणून थेट माझ्या सातवीच्या वर्गात. खिशातून लिफाफ्याचं टोक डोकावत होतं.

मला काय सुचलं कोण जाणे! म्हटलं, "साहेब, पोरांना आज माणूस काढायचा आहे. हेडमास्तर येईपर्यंत बसता का?"

बसले बिचारे. पाच मिनिटांत फोन वाजला. हात खिशाकडे गेला, तशी चाळीस पोरं एकदम ओरडली, "हलू नका!"

साहेब दचकले. हात मागे घेतला. फोन वाजून वाजून बंद झाला.

तास संपल्यावर ते एकेक चित्र पाहत फिरू लागले. कुणी मिशी विसरलेलं, कुणी कान तीन काढलेले. हसत होते. समीक्षाच्या चित्रापुढे थांबले. चेहरा हुबेहूब त्यांचाच, पण पापण्या खाली.

"माहे डोळे काहून नाही काढले वं?"

"काढले ना जी," ती म्हणाली. "तुम्ही घडीघडी खाली पाहून राहिले होते. खिशाकडे."

चित्रातल्या खिशात लिफाफाही होता. टोकासकट.

मी डस्टर घट्ट धरून उभी. साहेबांनी लिफाफा काढला, पत्र उघडलं, उलटं करून कोऱ्या बाजूनं बाकावर पसरलं. मग समीक्षाच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"आता तू बस तिथं. आन हलू नको!"