नानांना तोडी दाखवायला नेलं

ऐकू येत नाही तर दाखवू, ही कल्पना माझीच. माझे वडील, आमचे नाना, अमरावतीत वकील. विषमज्वरातून उठले ते ठार बहिरे होऊन. आयुष्यभर पहाटे तंबोरा घेऊन बसणारा माणूस; आता पहाटे नुसताच बसतो. अकोटच्या एका भटजींकडे जुनी रागमाला आहे, म्हणजे एकेका रागाचं एकेक छोटं चित्र, असं एका अशिलाकडून कळलं. पाटीवर लिहून विचारलं, "बघायला चलता?" नानांनी उठून टोपी घातली.

बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत आगगाडी, पुढे मोटार. आठ आणे सीट. त्यातली अर्धी दुसऱ्याच्या गाठोड्याची, हे धरून चाला. कापसाच्या बैलबंड्यांनी रस्ता अडलेला, नुसते हिसके. आपला आवाज किती चढतो हे नानांना कळत नाही. ते ओरडले, "दारू पिऊन राहिला काय रे हा?"

ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "मी नाई जी मालक, रस्ता पिऊन हाये!"

मी पाटीवर लिहून दाखवलं. नानाही हसले. या प्रवासातलं हसणं तेवढंच.

भटजींकडे जेवण झकास. भाकर, वांग्याची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. मग त्यांनी देवघरातून चित्रांचं गाठोडं आणलं.

भैरव म्हणजे शंकर, वसंत म्हणजे कृष्ण. म्हणून भटजींच्या पणजोबांना दक्षिणेदाखल मिळाल्यापासून रोज पूजा. गंध, कुंकू, अक्षता. तोंडाच्या जागी नुसत्या खपल्या.

"हे काय करून ठेवलं!" मी बोलून गेलो.

"काहून? देवाले गंध लावू नाई काय?" भटजी म्हणाले. "कालेजात हेच शिकवते काय तुमाले?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "अवो, ते बाईचं दाखवा ना. त्याले कोनी हात नाई लावला."

ती तोडी निघाली. वीणा घेतलेली बाई, भोवती हरणं. देव नाही म्हणून पूजा नाही, म्हणून गाठोड्याच्या तळाशी कोरी करकरीत. पिवळी जमीन, निळा परकर, एका हरणानं वर केलेली मान. मला तर ती ऐकूच यायला लागली.

नाना चित्र घेऊन दारातल्या उजेडात बसले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. मांडीवर ठेका धरतील, ओठ हलतील, काहीतरी. बराच वेळ गेला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "काही येत नाही रे ऐकू."

"घेऊन जाता काय?" भटजींनी विचारलं. मी ते पाटीवर लिहिलं. नानांनी तळव्यानं पुसून टाकलं.

परतीला अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलो. चहा बरा मिळतो.

घरी आईनं हातानंच विचारलं, कसं होतं?

"हरणं छान काढलीत," नाना म्हणाले आणि कोटाची बटणं काढत बसले. आई माझ्याकडे बघत राहिली.

सगळ्या कला आतून एकच, असं मी मित्रांना तावातावानं सांगायचो. आता नाही सांगवत. तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, रस्ता कोरडा असतो. आणि कान शाबूत आहेत तोवर जा.