आत्याचा लाल झुलीवाला

सुमनआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हिंगोलीच्या बसस्थानकावर विधवांच्या हक्काची पत्रकं वाटत होते. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप : आता हिला पांढऱ्यात गुंडाळून नेणार. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात माझा हात धरून ती म्हणाली होती, "मला पांढऱ्यात नको धाडू, पोरी. लई वर्सं नेसले." मी हो म्हणाले. पण आमच्याकडे शेवटचं लुगडं माहेरचं लागतं आणि ते आणणार होते तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे वडील, अण्णा. ऐन तरुणपणी तिचा नवरा गेला तेव्हा तिला पहिलं पांढरं लुगडंही अण्णांनीच आणून दिलं होतं. त्यांच्याकडून मला काडीची आशा नव्हती.

आत्या नरसीला सासरी राहायची, रस्त्यावरच्या नारळ-फुटाण्याच्या दुकानात बसायची. नव्वदच्या दशकात मी शाळेसाठी तिच्याकडे होते. तिच्या बैठकीखाली हिंदी चित्रकथांची चळत असायची. त्यातला नायक दिवसभर गोदामात मान खाली घालून पोती वाहणारा हमाल. संकट आलं की तो सदरा उतरवायचा, आत घडी घालून ठेवलेली लाल झूल खांद्यावरून मागं मोकळी सोडायचा आणि उडायचा. आत्या हिंदी अडखळत वाचायची, पण त्याची एकेक गोष्ट तिला पाठ. पुस्तकं कुठून येतात विचारलं तर म्हणायची, येतेत कुठून तरी, तू वाच. तिचे दीर माधवकाका टोमणा मारायचे, "झूल पोळ्याला बैल घालते. ह्यो बाप्या काहून घालून राहिला?" आत्या नारळ सोलत शांतपणे सांगायची, "बैल वरून घालते, भाऊजी. ह्याची आतून आहे."

पुढे त्याची मालिका टीव्हीवर आली. शेजाऱ्यांच्या उंबऱ्याशी बसून आत्या बघायची. उडताना त्याला दोरीला टांगलंय हे साऱ्यांना दिसायचं. पोरं हसायची. आत्याला दोरीचं काही वाटलं नाही. चेहरा चांगला आहे, पोती वाहिल्यासारखा दिसतो, म्हणायची. सिनेमा आला तोवर मी कॉलेजात होते. हिंगोलीच्या टॉकीजला आम्ही दोघीच गेलो. परतीच्या जीपमध्ये ती एकदम फुटली. "त्याची लाल झूल काळी केली की गं ह्यांनी. काहून, तर म्हणे खरं वाटावं. खरं काय अस्ते ते मला इचारा म्हणावं." सगळी जीप वळून बघायला लागली. विधवांच्या रंगांवर मी पुढे कितीतरी पत्रकं लिहिली, पण एवढं नेमकं मला कधी जमलं नाही.

त्या दिवशी नरसीला पोचले ती भांडायच्या तयारीनेच. अण्णा शिरड शहापूरहून आले, बगलेत पिशवी. मी त्यांना ओट्यावरच अडवलं. म्हटलं, पांढरं असेल तर आत नेऊ देणार नाही. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

आत लाल लुगडं होतं. कुंकवासारखं लाल.

माधवकाका उठून आले. लोक काय म्हणतील, विधवा बाई, आमच्या दारात हे चालायचं न्हाई... अण्णांनी त्यांना बोलू दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माधवराव, शेळ्या घेऊन कळमनुरीच्या बाजाराला गेलो की तिची पुस्तकं मीच आणत होतो. लाल लुगडं द्यायची हिंमत न्हवती माझ्यात. म्हणून लाल झूल देत गेलो."

मी अण्णांकडे बघतच राहिले. इतकी वर्षं या माणसाशी मी भांडत आले होते आणि त्यांनी एकदाही हे सांगितलं नव्हतं. माधवकाका मग आत वळून बायकांना म्हणाले, "नेसवा."

आम्ही तिला नेसवलं. शेजारची म्हातारी पदर पोटाशी खोचायला गेली, तेव्हा दाराबाहेरून, आत न बघता, अण्णा म्हणाले, "खोचू नका. खांद्यावरून मागं मोकळा राहू द्या."

म्हातारीला काही कळलं नाही. मला कळलं. मी पदर तिच्या पाठीखालून मोकळा पसरला, पार पायांपर्यंत. ऊर इतका हलका झाला, की रडू आलं ते तेव्हा.