अव्वाचा भोपळा

आमच्या वॉटर पोलो टीमचे चार जण जमले, की किस्से संपतच नाहीत, आणि सगळे शेवटी सिद्रामवर येतात. सिद्राम आमचा कॅप्टन. सत्तरच्या दशकात सोलापुरात हा खेळ कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा हा गडी राज्याचा चॅम्पियन झाला! प्रॅक्टिस कुठं? गावाबाहेरच्या विहिरीत!

पण घरी पत्ता नव्हता. थोरला भाऊ विहिरीत बुडून गेलेला, तेव्हापासून अव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, याचं पाण्यात उतरणं बंद केलेलं. तालमीला जातो म्हणून हा निघायचा. एकदा ओल्या केसांनी घरी गेला, मीही सोबत होतो.

"तालमीत लई घाम येतो, अव्वा!"

"व्हय? आन् घामाला शेवाळ लागतंय व्हय रं?"

मी मध्येच म्हणालो, "तालमीचा हौद लई घाण झालाय, अव्वा!" निभावलं एकदाचं. नाहीतर कॅप्टन गेलाच होता.

*

विहिरीत आम्ही भिंतीवर बॉल आपटून पास द्यायचो. पुण्यात पहिल्या मॅचला सिद्रामनं तस्साच पास दिला. भिंत होतीच कुठं? बॉल थेट चहावाल्याच्या किटलीवर!

*

त्याच मॅचला समोरचे तळाला पाय टेकवायचे, म्हणून पंच सारख्या शिट्ट्या मारत होते. आमचा एकही तसा फाउल नाही! पंचांनी शिस्तीचं कौतुक केलं, तेव्हा आमचा नरसय्या हळूच म्हणाला, "आयला, हितं तळ हाय?"

*

राज्याची फायनल सोलापुरातच, नव्या बांधलेल्या तलावात होती, आणि ती अव्वाला कळली. मॅच चालू असताना बाई काठावर हजर! काखेत वाळका भोपळा, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात तो.

"सिद्रामा, ह्ये बांध, न्हायतर भाईर ये!"

पंचांनी हात जोडून नियम सांगितला. अव्वा भोपळा मांडीवर घेऊन काठावरच बसली. आता ही त्याला कधी बाहेर ओढते, याचीच आम्हाला धास्ती.

शेवटची काही मिनिटं, बरोबरी. झटापटीत सिद्राम पाण्याखाली गेला आणि वर येईना. अव्वानं किंकाळी फोडून भोपळा पाण्यात भिरकावला! समोरच्या गोलकीपरनं झेप घेऊन तो झकास अडवला. तेवढ्यात सिद्राम वर आला, आणि समोर तरंगणारा खरा बॉल गोलात!

पंचांनी गोल रद्द केला. आम्ही पाण्यातूनच भांडायला लागलो.

अव्वा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमचा गोल तुमालाच ऱ्हाऊ द्या! माजं पोरगं वर आलं न्हवं?"

मग सिद्रामकडं वळून म्हणाली, "आता बगतोस काय? खेळ की!"