आमच्या कारपूलमधली डावी फूट

ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले नसते, तर युरोपातल्या कट्टर डाव्यांची भांडणं माझ्या वाट्याला आलीच नसती. दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागातून वेस्ट बेमधल्या ऑफिसात मला रोज दोन सहकारी घेऊन जायचे. गाडी फ्रेंच माणसाची, त्याच्या शेजारी ग्रीक बाई, मागे मी आणि तिघांचे डबे. दोघंही इंजिनिअर, पन्नाशीला टेकलेले, आणि दोघांनीही तरुणपणी आपापल्या देशात मार्क्सवादी गटांची पत्रकं वाटलेली.

वाद एकच, पण रोजचा. फ्रेंच म्हणायचा, छोट्या गटांनी मोठ्या डाव्या आघाडीत शिरावं, निवडणुका लढवाव्यात, जमलं तर सत्तेतही जावं. ग्रीक बाई उसळायची. तिच्या मते सत्तेत गेलेला पक्ष आधी मवाळ होतो, मग लबाड. आपली संघटना वेगळी ठेवायची आणि कारखान्यांत, गोदीत, शाळांत माणसं जोडायची.

"यल्ला, चला, सिग्नल हिरवा झालाय," मी मागून सांगायचे.

एका सकाळी फ्रेंच म्हणाला, "तुझ्यासारख्या हट्टी लोकांमुळेच उजवे माजलेत." ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरताना बाई म्हणाली, "खलास." दुसऱ्या दिवशी ती स्वतःची गाडी घेऊन आली. तोही आला. माझ्या इमारतीखाली दोन गाड्या उभ्या आणि मध्ये मी, हातात डबा घेऊन. मग एक दिवस याच्याबरोबर, एक दिवस तिच्याबरोबर, असं मी सुरू केलं. दोघंही गाडी सुरू होताच विचारायचे, "काल काय म्हणत होता?", "काल काय म्हणत होती?"

त्याच सुमारास माझे बाबा नाशिकहून आले. त्यांचं सगळं आयुष्य विमा कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये गेलेलं. ही हकिगत ऐकून त्यांना दोहा एकदम आवडायला लागलं.

"दोघांना शुक्रवारी जेवायला बोलाव. मटकीची उसळ मी करतो," ते म्हणाले.

दुसराही येणार आहे हे मी दोघांपैकी कुणालाच सांगितलं नाही. आले, एकमेकांना पाहून चपापले, पण उसळीच्या वासानं बसले. बाबा मराठीत बोलत होते, मी इंग्रजीत सांगत होते. सुरुवात हवापाण्यानं झाली. मग बाबांनी बाह्या सरसावल्या.

"बाईंना विचार, सत्तेत गेलेले वाकले हे मान्य. पण बाहेर राहून तुम्ही काय मोठं उपटलंत?"

मी घाईघाईनं भाषांतर केलं, "बाबा विचारतायत, तुमच्या गटाचं काम कसं चाललंय?"

"आई, आजोबा डिड नॉट से दॅट!" नववीतली माझी लेक ताटातून मान वर करून म्हणाली. मराठीत उत्तर देताना तिला ठेच लागते, पण समजतं सगळं. तिनं आजोबांचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ऐकवलं.

मला वाटलं, आता ही बाई उठून जाणार. तिनं चमचा खाली ठेवला.

"मी बाहेर नव्हते," ती म्हणाली. "सत्तेत गेलेल्या त्याच पक्षात होते. माझ्या वस्तीतले सगळे जिने मी चढले. म्हाताऱ्या शेजारणींना शब्द दिला, पेन्शनला कुणी हात लावणार नाही. मग आमचं सरकार कर्ज देणाऱ्या युरोपीय सावकारांपुढे वाकलं, पेन्शन कापली गेली. आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही. शेजारणी मात्र जिन्यात मान फिरवायला लागल्या."

फ्रेंच तिच्याकडे बघतच राहिला. "हे तू गाडीत कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, तू सगळं पुस्तकातलं सांगतेस."

"तू बोलू देतोस कुठे?"

बाबा म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही. पण त्यांना उसळ वाढ."

लेकीनं हेही इमानदारीत सांगितलं आणि बाई पहिल्यांदा हसली. जाताना ती आपली गाडी खालीच ठेवून त्याच्या गाडीत बसली.

पुढे फ्रान्सची अध्यक्षपदाची निवडणूक आली. दुसऱ्या फेरीत एका बाजूला कट्टर उजवे, दुसऱ्या बाजूला फ्रेंचला मुळीच न आवडणारा उमेदवार. त्याच्या जुन्या सोबत्यांत फोनवर रणकंदन माजलेलं. मत द्यायचं की घरी बसायचं? परदेशातल्या फ्रेंचांसाठी मतदान दोह्यातच, पण रविवारी, म्हणजे इथे कामाच्या दिवशी, आणि त्याची गाडी नेमकी गॅरेजमध्ये. ग्रीक बाईच म्हणाली, मी नेते. मी होतेच मागे.

मतदानाच्या जागी पोचलो तरी हा आघाडीवाला गाडीतून उतरेना. "त्या माणसाला मत द्यायला हात धजत नाही," म्हणाला.

"जा," बाई म्हणाली. "उजव्यांना मोकळं रान द्या, असं मी कधी म्हटलं होतं? मत दे, फक्त त्याचा झेंडा घेऊन नाचू नकोस."

तो गेला. आम्ही एसी लावून बसलो, ऑफिसला उशीर होत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. तो निवडून आला, की उद्यापासून त्याच्याविरुद्ध रस्त्यावर."

हे ऐकून बाई इतकी खूश झाली, की तिनं ऑफिसचं वळणच चुकवलं.