सागवानी पेटीतला बिनपंख्याचा कॉम्प्युटर

तिसऱ्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि ओंजळभर सागाचा भुसा टेबलावर पडला. मनोहरभाऊंनी तो चिमटीत घेऊन पाहिला. मूल गावाजवळ त्यांची आरामशीन, म्हणजे लाकूड चिरायची गिरणी होती, त्यामुळे भुशातलं त्यांना कळायचं.

“माल चांगला हाये,” ते म्हणाले. “कॉम्प्युटर बेकार हाये.”

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी चंद्रपुरात कॉम्प्युटर विकायचो आणि तेच दुरुस्तही करायचो. मशीन का मरतात यात गूढ काही नव्हतं. आतला प्रोसेसर तापतो, म्हणून त्यावर पंखा असतो. पंखा बाहेरची हवा आत ओढतो. आरामशीनवर हवा कमी आणि भुसा जास्त. पंखा जाम होतो, प्रोसेसर भाजतो आणि मला फोन येतो.

“आता एक शेवटचा,” भाऊ म्हणाले. “थो मेला का पुन्हा वह्या. अन् वह्या तं माहा पुतन्या बी लिवते. मंग वंदनाबाईले सुट्टी.”

वंदनाबाई त्यांच्या ऑपरेटर. कोणतं लाकूड आलं, किती चिरलं, कुठे गेलं, सगळं त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच नोकरीवर. आणि ती नोकरी आता माझ्या पुढच्या मशीनवर.

मी नागपूर गाठलं. म्हटलं, पंखाच नको. आता आधी मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडलेले असतात ती. मला वीतभर लांबीरुंदीचा, प्रोसेसर आधीच बसवलेला छोटा बोर्ड हवा होता. दुकानदाराने दोन ठेवले. एक वेगवान, पण डोक्यावर इवलासा पंखा. दुसरा जवळपास अर्ध्या वेगाचा, पंख्याऐवजी नुसता अॅल्युमिनियमचा ठोकळा.

“हा स्लो आहे,” तो म्हणाला.

“आरामशीनवर कोणाला घाई आहे?” मी म्हटलं आणि दुसरा उचलला.

मग केस, म्हणजे बाहेरचा डबा. एकाला वरून सुंदर जाळी होती. सुंदर जाळीतून भुसा सुंदरच आत गेला असता. दुसरा पूर्ण बंद, एकही भोक नाही. त्याच्या अंगावर धातूच्या पट्ट्या काढलेल्या, त्यांना फिन्स म्हणतात. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यातून डब्याच्या अंगात उतरते आणि फिन्समधून बाहेर जाते. मी तो घेतला. परतीच्या एसटीत मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो, इतका खूश.

मनोहरभाऊ मात्र खूश नव्हते. “हा तं टिफिन हाये जी! कोनी पिशवीत टाकून नेईन.”

यावरही माझ्याकडे उपाय होता. आरामशीनवरचे सुतार रशीदभाऊ मिस्त्री यांना मी कुलूपवाली सागवानी पेटी करायला सांगितली. मापात, घट्ट. त्यांनी विचारलं, “सर, हवेले वाट कुठी ठेवू?”

“रशीदभाऊ, याला हवा लागतच नाही. तोच तर फायदा आहे.” वर मी त्यांना पॅसिव्ह कूलिंगवर, म्हणजे पंख्याशिवाय गार ठेवण्यावर, पाच मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी बिडी विझवून ऐकलं आणि पेटी केली. पॉलिश असं, की तोंड दिसावं.

आठवडाभराने वंदनाबाईंचा फोन. “सर, दुपारचे दोन वाजले का थो अडून राह्यते.”

मी गेलो. उघडला, आत कणभर भुसा नाही. रॅम बदलली. विंडोज पुन्हा टाकलं. विजेला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा बंद. शेवटी आमच्या धंद्यातला हुकमी एक्का काढला. “बाई, तुम्ही नक्की काहीतरी चुकीचं दाबता.”

मनोहरभाऊंनी तेवढंच ऐकलं. “असं काय! मंग उद्यापासून पुतन्याच बसन.”

वंदनाबाईंचा चेहरा उतरला. पण त्या रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी पेटीचं कुलूप काढलं, माझा हात धरला आणि आतल्या डब्यावर टेकवला. चटका बसला, मी ओरडलो.

“हा चटका बी मीच दाबला का?” त्यांनी विचारलं.

दारात रशीदभाऊ उभे होते. त्यांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे चिरलेल्या फळ्यांचा चट्टा होता. वाळत घातलेल्या फळ्या एकावर एक, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या.

“ह्या पट्ट्या काऊन देतो माहीत हाये?” ते म्हणाले. “मधातून हवा फिराले पाह्यजे, नाई तं माल सडते. पंखा तं इथी बी नाई, सर.”

मी डिप्लोमा होल्डर. गरम हवा वर जाते हे मला सातवीत शिकवलं होतं. पंखा काढला म्हणजे हवाही काढली, हा शोध मात्र माझा स्वतःचा. लाज वाटली. मेच्या उन्हात, पत्र्याखाली, त्या बिचाऱ्या डब्याला मी सागाची गोधडी पांघरून निजवलं होतं.

रशीदभाऊंनी पेटीच्या बाजू काढून तिथे अंतर सोडून पट्ट्या मारल्या. तळ आणि माथाही तसाच मोकळा केला आणि खाली चार पाय दिले. डबा आडवा होता तो उभा केला, फिन्सच्या खाचा खालून वर. म्हणजे थंड हवा खालून शिरते, गरम वरून निघते. वर भुसा बसला तर बाहेरून ब्रश मारायचा. कुलूप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मनोहरभाऊ खुर्ची घेऊन समोर बसले. दोन वाजले. अडीच. तीन. वंदनाबाई एंट्री करत होत्या. चार वाजता भाऊंनी स्वतः डब्याला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

“कोमट हाये,” ते म्हणाले. “बाई, उद्यापासून मागच्या सालच्या वह्या बी चढवाले घ्या.” पुतण्याचं नाव निघालं नाही. जाताना मला म्हणाले, “चूक कोनाची होती, थे लिहून द्या मले.”

वंदनाबाईंनी माझ्याच सर्व्हिस रिपोर्टचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. बिघाडाचं कारण, असा रकाना असतो. तिथे आम्ही बहुतेक वेळा ‘वापरणाऱ्याची चूक’ लिहून मोकळे होतो. मी बारीक अक्षरात लिहिलं : विकणाऱ्याची चूक.

वंदनाबाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला आणि परत ठेवला.

“सर, जरा मोठं लिवा. भाऊले चष्मा लागते.”

मी मोठं लिहिलं. त्यानंतर पार आरमोरी गावापर्यंतच्या कितीतरी राइस मिलवाल्यांना तेच मशीन दिलं; तिथे भुशाऐवजी कोंडा उडतो. बोर्ड मी निवडायचो. केस कशी ठेवायची, हे रशीदभाऊंना विचारून.