रिकामी दिसलेली सीट

आमच्या अप्पांना गाडी झकास चालवता यायची, पण ती चालवायचा कागद त्यांच्याकडं नव्हता. घरातली सगळी ओढाताण त्यातूनच आलेली.

आमच्या जनवाड्याहून बीदरला टमटम चालतात. पुढं ड्रायव्हर, मागं मावतील तितकी माणसं. अप्पा दुसऱ्याच्या टमटमवर बदली ड्रायव्हर होते. भाड्याची गाडी चालवायच्या लायसन्सला तेव्हा आठवी पासची अट होती आणि अप्पांची शाळा चौथीत सुटलेली. पुढं चेकिंग आहे असा फोन आला की ते गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि शेतातल्या पायवाटेनं घरी यायचे. मालकाला कागदवाला ड्रायव्हर मिळाला की महिना-महिना घरीच. मग माय एकटी खुरपायला जायची, तुरीच्या दिवसांत तूर कापायला जायची. मी कॉलेजला त्याच टमटमनं जायचे. ती सगळ्यांत चांगली चालवणारा माणूस घरी बसलेला असायचा आणि खड्डा न चुकवणारा पुढं बसून आम्हाला आदळत न्यायचा.

मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या नातलगांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते, कारण त्या पदवीत मायच्या खुरप्याचा वाटा आहे.

एकदा एका कामासाठी मी लायसन्सच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी बोलता बोलता विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "अगं अक्का, आठवीची अट गेली की आता. अप्पाला घेऊन ये." एवढं शिकून मला ते ठाऊक नव्हतं. त्या बाईंना सांगायची काही गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही. अप्पांची टेस्ट झाली, लायसन्स आलं, मागोमाग भाड्याची गाडी चालवायचा बॅज आला. तो बॅज मायनं पदरानं पुसला. कोराच होता, तरी पुसला.

पुढं मला कलबुर्गीत एका डाळ मिलच्या ऑफिसात नोकरी लागली. आमच्याकडं अजून गुलबर्गाच म्हणतात. आम्ही तिघं तिकडं गेलो आणि बँकेनं कर्ज दिलं त्यातून अप्पांच्या नावावर रिक्षा झाली. पण स्टेशनच्या स्टँडवर नंबर ठरलेले. आधीचीच माणसं जास्त, नव्याला जागा कुठली. मग मी मोबाईलवरच्या रिक्षाच्या अ‍ॅपमध्ये अप्पांचं नाव घातलं. लायसन्स, बॅज, परमिट, विमा, फोटो, सगळं एकेक करून चढवलं. कंपनीनं तपासलं आणि आयडी दिला. हा आयडी चालू असेल तरच सवारी मिळते.

अप्पांना ते काम मानवलं. आमच्या मिलमधल्या बाया, पाळी बदलणाऱ्या नर्सा, क्लासच्या पोरी मोबाईलवर रिक्षा बोलवायच्या. भाव आधीच दिसतो, घासाघीस नाही, कुठली रिक्षा, कोण ड्रायव्हर हे घरच्यांना कळवता येतं. सिटी बस जिथं वळत नाही त्या वस्त्यांत अप्पा जायचे. स्टँडवरचे एक जुने अण्णा त्यांना रोज छेडायचे, "अरे भाई, पहिले मोबाईल कू पूछ ले, फिर चाय पी."

अप्पाही कमी नव्हते. "पूछ लिया अण्णा, तुम पिलारें बोला." म्हणजे चहा अण्णांच्याच पैशानं.

वर्ष सरळ गेलं. मग एका दुपारी अप्पा मिलच्या गेटवर येऊन उभे राहिले. कामाच्या वेळेला ते कधी येत नाहीत.

"बाई, हे बघ की. मोबाईल काय बोलेना झालाय." घरात मला बाईच म्हणतात.

मी पाहिलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. प्रवाशाच्या तक्रारीवरून आयडी बंद.

"काय झालं अप्पा? कुणाशी भांडलात?"

"न्हाई की. सकाळी स्टेशनवरून नवरा-बायको बसले. महाराष्ट्रातले. गाणगापूरला जायला बसस्टँडवर सोडा म्हणले, सोडलो. चांगली माणसं व्हती."

"मधी कुणाला बसवलंत का?"

"वळणावर एक मावशी भेंडी घेऊन उभी व्हती. बसवलो."

"कामून बसवलंत अप्पा?"

"कामून म्हंजी? सीट रिकामी व्हती."

मला हसावं की रडावं कळेना. टमटमच्या धंद्यात रस्त्यावर माणूस उभा असताना रिकामी सीट नेणं ही मोठी चूक. अशा ड्रायव्हरला लोक माजलेला म्हणतात. अप्पांनी सगळं आयुष्य ज्या रीतीनं गाडी हाकली, तीच रीत त्यांनी इथं पाळली. परक्या गावात परक्या रिक्षात अनोळखी बाई ड्रायव्हरच्या सांगण्यावरून शेजारी येऊन बसली, तेव्हा त्या दोघांना काय वाटलं असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरी मी परमिट काढून समजावलं. रिक्षा ज्यानं ठरवली त्याला ती पूर्ण भाड्यानं दिलेली असते, उतरेपर्यंत मधी दुसरी सवारी घ्यायची नाही, असा नियम आहे म्हटलं. अप्पा ऐकत होते, पण पटत नव्हतं.

"तिघांची सीट हाय. दोघं बसले. एक उरली की न्हाई?"

माय भाकरी थापत होती. ती मागं न बघता म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नाला जीप केली व्हती ते आठवतंय का? त्या जीपवाल्यानं भालकीच्या फाट्यावर दोघं घेतले तवा कोण उठलं व्हतं त्याची कॉलर धरायला?"

अप्पा परमिटाची घडी घालायला लागले.

"सांगा की बाईला. कोण उठलं व्हतं?"

"मीच की."

"तवा म्हणत व्हता, जीप आमी केलाव, तू कोण बसवणार. आता तुमी जीपवाले झालाव."

अप्पा म्हणाले, "मंग ती सीट त्यांची व्हती म्हण." मी परमिट वाचून जे समजावू शकले नाही ते मायनं भाकरी थापता थापता समजावलं.

पण समजून आयडी सुरू होत नाही. अ‍ॅपच्या मदतीच्या पानावर काहीही लिहिलं तरी एकच उत्तर यायचं, आपली विनंती नोंदवली आहे. रिक्षा दारात उभी. स्टँडवर जायचं तर नंबर नाही. अप्पा सकाळी उठून रिक्षा धुवायचे आणि तिथंच पायरीवर बसायचे. मला जनवाड्याचे दिवस आठवायचे आणि जेवण गोड लागायचं नाही. फरक एवढाच की या वेळी कागद होते आणि ते वाचणारी मी होते.

अशा कंपन्यांवर काम करणाऱ्यांसाठी राज्यात नवा कायदा झालाय, असं मिलमधल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं. मी तो दुपारच्या सुट्टीत कन्नडमध्ये बोट ठेवून ठेवून वाचला. माझी शाळा मराठी, त्यामुळं कन्नड वाचते ते सावकाश. त्यात होतं की काम बंद करायचं तर कारण लेखी कळवायला पाहिजे, आधी सूचना पाहिजे, आणि कामगाराला बोलायला खराखुरा माणूस पाहिजे. मी कामगार ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी माझं बाड बघितलं, जास्तीचे कागद बाजूला काढले आणि अर्ज कुठं, कसा द्यायचा ते सांगितलं. "अप्पाचं म्हणणं अप्पाच्याच भाषेत लिही," त्या म्हणाल्या. "खाली कन्नड कर."

मी लिहिलं. पदवीधर असल्यानं चांगलं ठसठशीत लिहिलं. 'सदर वृद्ध महिलेस रस्त्यात अचानक चक्कर आल्याने माणुसकीच्या भावनेतून.' अप्पांना वाचून दाखवलं.

"चक्कर कवा आली तिला?"

"असं लिहावं लागतंय अप्पा."

"ती भेंडी सावरत व्हती. चक्कर आलेली बाई भेंडी सावरती व्हय?"

"तुमाला आयडी सुरू करायचाय का न्हाई?"

"करायचाय की. पण हे लिहून सुरू झाला तर उद्या पुना कुणाला बसवू वाटंल. मग काय, परत्येकीला चक्कर आणायची?"

मला राग आला. दुपारची सुट्टी घालवून कायदा वाचला तो कुणासाठी, असं मी बोलूनही गेले.  अप्पा उठून रिक्षाची काच पुसायला गेले. माय म्हणाली, "त्यांनी सांगितलेलं लिही. सही त्यांना करायचीय."

मी तो कागद फाडला आणि अप्पांना हाक मारली. ते बोलत गेले, मी लिहीत गेले. 'मी बरीच वर्षं टमटम चालवलो. तिथं सीट रिकामी नेणं चूक असतंय. इथं बसवणं चूक हाय, हे मला ठाऊक नव्हतं. मी ते विचारून घ्यायला पाहिजे होतं. ज्यांची सवारी होती त्यांच्या गाडीत त्यांना न विचारता मी दुसऱ्याला बसवलो. त्यांची माफी मागतो. परत करणार नाही. पण मला विचारल्याशिवाय काम बंद केले, ते बी बरोबर नाही.' शेवटची ओळही त्यांचीच. मला ती घालायची हिंमत झाली नसती.

अर्ज दिल्यावर पुढच्या रविवारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाज तरुण होता, हिंदी बोलत होता. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. त्यानं तक्रार वाचून दाखवली, अप्पांनी कबूल केली. मग त्यानं विचारलं, "इससे पहले भी किसी को बीच में बिठाया था?"

मी मान हलवून नाही म्हणा, अशी खूण केली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हौ साब. और दो बार."

पलीकडं बटणं दाबल्याचा आवाज आला. मी कपाळाला हात लावला.

"लेकिन उन लोगों ने शिकायत नहीं की."

"उनो मुरव्वत करे साब. बोलने कू होना था. बोलते तो मेरेकू तभीच समझता." ते भिडेपोटी बोलले नाहीत, असं अप्पांना म्हणायचं होतं.

तो माणूस हसला. आवाजातला हिशेबीपणा गेला. मग त्यानं सवारीचे नियम एकेक करून सांगितले आणि अप्पांनी प्रत्येकावर एकेक प्रश्न विचारला. सवारीनंच कुणाला वाटेत घ्यायला सांगितलं तर? शेजारी ओळखीचा बसला तर? पाऊण तास चाललं. आयडी देताना हे असं कुणी बोललं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मला वाटलं. पण त्या तरुणानं फोन ठेवायची घाई केली नाही, याबद्दल त्याचे आभार मानायलाच पाहिजेत.

चार दिवसांनी लेखी उत्तर आलं. तक्रार खरी, म्हणून ताकीद. आधी विचारलं नाही, ही कंपनीची चूक. आयडी सुरू. मी मागणी केली होती म्हणून सोबत मराठी प्रतही होती. मराठी जरा ओबडधोबड होती, पण अप्पांनी ती प्रत स्वतः, अक्षर अक्षर लावत वाचली. 

त्या गाणगापूरला जाणाऱ्या जोडप्याचा सुरुवातीला मला राग आला होता. आता नाही. त्यांनी रस्त्यात भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. तक्रार करायची जागा होती तिथं केली. तशीच उत्तर द्यायची जागा आम्हालाही मिळाली.

आयडी सुरू झाला त्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "आज एक म्हातारी हात करत व्हती. सवारी व्हती, मान वळवून गेलो. बरं वाटलं न्हाई." माय म्हणाली, "वाटणारच की." 

अप्पा आता रोज कामावर जातात. त्यांचा आयडी चालू आहे. लेखी कारण दिल्याशिवाय आणि त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय तो बंद करता येत नाही, आणि हे अप्पांना स्वतःला ठाऊक आहे.