काठाखालची नावे

त्याने पैसे वरून टाकले.

हातात दिले नाहीत. खाली ठेवले नाहीत. तो व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उभा होता, मी खाली अंगणात. माझ्या पायाशी तो खोटा हंडा, बारदानातून काढून ठेवलेला. त्याने खिशातून नोटांची गड्डी काढली, हात लांब केला आणि बोटे सोडली. नोटा हंड्यात पडल्या. पत्र्याचा आवाज आला.

"घ्या गुरुजी. मोजून घ्या. मागाहून कमी पडले म्हणाल."

मागे वेताच्या खुर्च्यांत त्याचे मुंबईचे पाहुणे बसले होते. एक बाई हसली. एकाने मोबाइल वर धरला.

मी वाकलो.

हो, वाकलो. आमच्या वाडीतल्या प्रत्येक मोबाइलवर ते फिरले आहे. पांढऱ्या केसांचा म्हातारा हंड्यात हात घालतो आहे. तेवढेच दिसते. कुणी म्हणाले, गुरुजींनी मिटवून टाकले. कुणी म्हणाले, खोताच्या नातवाने टाकलेले उचलून आले. जन्मभर पोरांना ताठ उभे राहायला शिकवले, आणि स्वतः हे.

मी उत्तर दिले नाही, कारण वाकलो होतो हे खरे होते. तेवढ्यामुळे बाकीचे सगळे मी गिळून बसलो. आता बसत नाही. त्या दृश्याच्या आधीचे आणि नंतरचे इथे लिहितो. माझ्या चुकांसकट.

हंडा आमचा होता. बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमची वाडी. मुंबईत गोदीत, गिरणीत कामाला गेलेल्या माणसांनी पगारातून पैसे काढून तो वाडीसाठी घडवून घेतला होता. तांब्याचा, रुंद तोंडाचा, दोन कड्यांचा. लग्नाकार्याचा भात त्यात शिजायचा. भरलेला हंडा हलवायचा तर कड्यांतून बांबू घालून दोन माणसे लागत. रिकामा उचलायलाही दोघेच लागत, इतका जड. तांबटाने त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घराघराची नावे घातली होती. काठ बाहेर वळलेला, त्यामुळे उभ्या माणसाला नावे दिसत नसत. चुलीशी बसलेल्याला दिसत. माझी आई त्या नावांवर बोट फिरवून मला सांगायची, हा तुझा बाप, हा तुझा चुलता. आईला वाचता येत नव्हते. जागा पाठ होती.

छप्पन साली आमच्या माणसांनी धम्म स्वीकारला. गावाची मेलेली ढोरे ओढणार नाही म्हणून सांगितले. खोती कायद्याने गेली होती, पण खोताच्या ओटीवरचा न्यायनिवाडा गेला नव्हता. त्याने दंड ठोठावला. पैसा कुणाकडे नव्हता. मग तो म्हणाला, हंडा आणा.

आणा म्हणाला, कारण त्याची माणसे आमच्या भांड्याला हात लावणार नव्हती. म्हणून आमचा हंडा आमच्याच बापांना खांद्यावरून त्याच्या अंगणात नेऊन द्यावा लागला. बांबूचे एक टोक माझ्या बापाच्या खांद्यावर होते. मी मागून चाललो होतो. लहान होतो, पण सगळे दिसत होते. अंगणात हंडा ठेवला. खोताच्या बायकोने लांबूनच गोमूत्र शिंपडले. मग त्याच्याखाली जाळ केला. आमच्या हातचे पाणी त्यांना चालत नव्हते. आमचे तांबे चालले.

बाप घरी आला. खांदा चोळत बसला.

त्या खोताच्या नातवाने आता अलिबागजवळ बंगला बांधला आहे. पाहुण्यांना भाड्याने देतो. जोडीला मोबाइलवरच्या लिलावात जुन्या वस्तू विकतो. हे मला माहीत नव्हते. पनवेलला असते त्या माझ्या लेकीने एकदा फोन पुढे केला. "बाबा, हे बघा. आपल्याकडचं वाटतं."

फोटोत हंडा होता. खाली लिहिले होते, कोकणातील खोत घराण्याचा पिढीजात हंडा, काठाखाली दुर्मीळ नक्षी. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. ठिपके जुळले. गोविंद राघो. माझा बाप.

आमच्या नावांना त्याने नक्षी म्हटले होते.

मला तिथेच रडू फुटले, आणि रडणारा माणूस सौदा नीट करत नाही. मी वाडीत बैठक बोलावली. म्हणालो, काही झाले तरी आणायचा. मुंबई मंडळाने वर्गणी काढायची ठरवली. सगळे खूश. फक्त माझी धाकटी बहीण भिंतीशी बसून होती. ती विधवा, शेतमजुरी करून राहिलेली, माझ्याशी भांडायला कधी न भिणारी.

"दादा, हंडा कुनाचा?"

"आपला."

"मग बोली कशाची लावतंस?"

लोक हसले. मीही हसलो. म्हणालो, "बाय, आता कायद्याचं राज्य आहे. मागून कोण देतो? विकत घेऊ, विषय संपला."

"तू शिकलास, मास्तर झालास. आन् आपलंच परत इकत घ्यायचं शिकलास व्हय?"

मी ऐकले नाही. लेकीच्या फोनवरून बोली लावत गेलो. कोणीतरी दरवेळी माझ्या वर चढायचा. मीही चढत गेलो. अखेर लिलाव माझ्या नावावर सुटला. पैसे भरले. बापाने खांद्यावरून नेऊन दिला होता. मी पैसे मोजून मागत होतो. यातला फरक मला तेव्हा दिसला नाही. आज दिसतो. फरक नव्हताच.

बोर्लीहून टेम्पोवाला खोके घेऊन आला. खाली उतरवताना म्हणाला, "गुरुजी, उघडून बगा. माल बगूनच सही करा."

मी म्हणालो, "नाही. बुद्धपौर्णिमेला उघडणार. सगळ्यांसमोर."

ही माझी दुसरी चूक. आमच्याकडे वाडीची वस्तू एकट्यादुकट्याने उघडत नाहीत. विहाराची घंटा आणली तेव्हाही मुंबईची माणसे येईपर्यंत ती कापडात होती. पौर्णिमेला सगळे गावी येतात. वंदना होईल, मग उघडू, घासू, कल्हईवाल्याला सांगून ठेवू आणि त्याच हंड्यात खीर करू, असे मीच ठरवले. बायका म्हणत होत्या, निदान एकदा बघू तरी. मी रागावलो. खोके विहारात मूर्तीसमोर ठेवून दिले.

टेम्पोवाल्याने ते एकट्याने उचलले होते. एका काखेत घेऊन. ज्याला दोन माणसे आणि बांबू लागायचा तो हंडा. मी समोर उभा होतो. मला तेव्हाच कळायला हवे होते.

पौर्णिमेला खोके उघडले. टाळ्या झाल्या. हंडा काळपट, जुना दिसत होता. बायकांनी विहिरीपाशी नेला, चिंच आणि मीठ घेऊन घासायला बसल्या. मी मुंबईच्या मंडळींना बापाची गोष्ट सांगत होतो. बहिणीची हाक आली.

"दादा, इकडं ये."

गेलो. तिच्या हाताला तांबूस रंग लागला होता. हंड्याला जिथे घासले तिथे पांढरा पत्रा उघडा पडला होता.

"तांबं न्हाय ह्ये. नुसता रंग हाय."

मी काठाखाली बोट घातले. गुळगुळीत. एकही ठिपका नाही.

मागे कुणीतरी पोरगा बोलला, "खोतांनी पुन्यांदा दंड घेतला." कुणी त्याला गप्प केले नाही. त्या दिवशीची खीर भाड्याच्या ॲल्युमिनियमच्या टोपात झाली. मी खाल्ली नाही.

कंपनीला फोन केला. पलीकडे एक मुलगी होती, गोड बोलणारी.

"सर, परत करण्याची मुदत संपली आहे. पार्सल उघडायला उशीर का केला?"

"पौर्णिमेला उघडायचं होतं."

"कसली पौर्णिमा, सर?"

मी फोन लेकीकडे दिला. तिने सोडले नाही. फोटो पाठवले, तक्रार नोंदवली, पुन्हा पुन्हा नोंदवली. त्या तक्रारीमुळे त्याची लिलावातली विक्री थांबवून ठेवली गेली. त्यानंतर त्याचा मला फोन आला. आवाज मऊ. "गुरुजी, आपण एका गावची माणसं. कशाला वाढवायचं? पोरांच्या हातून पॅकिंगमध्ये चूक झाली. बंगल्यावर या, रोख घेऊन जा, आणि तक्रार तेवढी मागे घ्या."

मी खोटा हंडा बारदानात घातला आणि अलिबागची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "काय गुरुजी, लगीन हाय काय घरात?" मी म्हणालो, "नाही. तेरावं आहे." त्याने तिकीट फाडून दिले.

बंगल्यावर मला वर बोलावले नाही. "तिथेच थांबा हं, फरशी ओली आहे," तो म्हणाला. फरशी कोरडी होती. पाहुण्यांना त्याने इंग्रजीत काहीतरी सांगितले, मग मराठीत माझ्याकडे बघून, "आता ह्यांनाही अँटिक परवडतं. चांगलंच आहे की. देश पुढे चाललाय." पाहुणे हसले. मग त्याने पैसे वरून टाकले.

आणि मी वाकलो.

इथे व्हिडिओ संपतो. इथून पुढचे ऐका.

वाकल्यावर माझे डोळे पायरीच्या उंचीला आले. पायरीच्या कडेला एक मोठी कुंडी होती, तिच्यात शोभेचा माड लावलेला. उभा होतो तोवर मला फक्त झाड दिसत होते. वाकल्यावर काठाखालची बाजू दिसली. ठिपके होते. मातीचे ओघळ सुकले होते त्यांवर. आई जिथे बोट ठेवायची तिथेच माझा बाप होता.

हंडा त्याने विकायला काढलाच नव्हता. फोटोपुरता वापरला होता. लोकांना हंडा दाखवायचा आणि पत्रा पाठवायचा. असे त्याने आणखी किती जणांना केले, त्याला माहीत.

मी खोट्या हंड्यातून हात बाहेर काढला. रिकामा. सरळ झालो.

"ही कुंडी कुठली?"

"आमची. घरची आहे."

"काठाखाली काय लिहिलंय, वाचलंत कधी?"

"ती नक्षी आहे हो."

"नक्षी नाही. गोविंद राघो. माझा बाप. शेजारी माझा चुलता. पुढे सगळी वाडी आहे."

पाहुण्यांचे हसणे थांबले. तो अर्ध्या पायऱ्या उतरून खाली आला. "गुरुजी, इमोशनल होऊ नका. पैसे मिळाले ना? घ्या आणि निघा. एसटी चुकेल."

मी माझा मोबाइल काढला आणि नावांचे फोटो घेऊ लागलो.

"ए! परवानगी कुणाची घेतलीस?"

गुरुजी संपले, ए सुरू झाले. एवढाच वेळ लागतो.

मी म्हणालो, "माझा फोटो काढताना तुझ्या पाहुण्याने ज्याची घेतली होती, त्याचीच."

मग मी तो पत्र्याचा हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या हिरवळीवर पालथा केला. समुद्रावरचा वारा होता. नोटा उडाल्या. त्याने माळ्याला हाक मारली. माळी कुंपणापाशी पाणी घालत होता, त्याने मान वर केली नाही. मग तो स्वतः उतरला. नोटांमागे धावला. वाकला. एक उचलली की दुसरी पुढे जायची, की पुन्हा वाकायचा. मी उभा राहून बघत होतो. घाई केली नाही. पाहुण्याने मोबाइल केव्हाच खाली घेतला होता.

मला आनंद झाला. ते लपवत नाही. विहारात बसून लिहितो आहे, असे लिहू नये हेही ठाऊक आहे. तरी झाला.

खोटा हंडा मी परत आणला. पुरावा होता तो. काठाखालच्या नावांचे फोटो लेकीने कंपनीला पाठवले. लिलावातला फोटो आणि त्याच्या अंगणातला फोटो, एकच हंडा. आता मुदतीचे कुणी बोलले नाही. पैसे आले, ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, खात्यात. कुणाच्या हातून पडून नाही. मंडळाने ज्याची त्याची वर्गणी परत केली.

आता वाडीतले शहाणे सांगतात, गुरुजी, पैसे आले, सोडा. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथला हवालदार म्हणाला, "एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्याकडे कागद काय आहे?"

"कागद नाही. तांबं आहे."

तो हसला. हसू दे. मी पुन्हा जाणार आहे. पुन्हा हसला तर पुन्हा.

काल बहीण विहाराच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. तिला हे सगळे वाचून दाखवले. वाकलो तिथे तिने मान फिरवली. नोटा उडाल्या तिथे पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "आता बोली न्हाय ना लावनार?"

"नाही."

"मग?"

मग असे. आता मागणी नाही, विनंती नाही, एक रुपयाही नाही. येत्या बुद्धपौर्णिमेला वाडी इथे खीर करणार नाही. तांदूळ, दूध, गूळ आणि लाकडे घेऊन सगळी माणसे अलिबागला जाणार. बायका, म्हातारे, मुंबईचे, सगळे. बांबूही नेणार. त्याने त्याआधी हंडा दिला तर खांद्यावरून घरी आणू. नाही दिला तर त्याच्या फाटकाशी चूल मांडू, आणि त्यातला माड उपटून हंडा मोकळा होईपर्यंत उठणार नाही. पोलीस आले तर त्यांना काठाखालची नावे वाचायला लावू. एकेक. मोठ्याने. उभ्याने वाचता येत नाहीत. वाकावे लागेल.

खीर त्याच हंड्यात शिजेल. आणि पहिला वाटा खोताच्या नातवाला देऊ. आमच्याकडे दारी आलेल्याला उपाशी ठेवत नाहीत, आणि दार त्याचे असले तरी हंडा आमचा आहे.

त्याने ओंजळ पुढे करायची.

आम्ही वरून ओतू.